गांवगाड्यातील नामे आणि भंडाऱ्यातील क्रियापदे

श्रमाच्या बाजारात स्त्रियांची कामे वेगळी व पुरुषांची वेगळी ठरतात आणि ह्या विभागणीचे स्वरूप प्रदेशपरत्वे बदलते, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. मतभेद आहेत ते ही विभागणी कोणत्या साधनांनी पाहावयाची ह्याविषयी. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर अभ्यासकाच्या हाती प्रामुख्याने तीन साधने असतात: ग्रामव्यवस्थेची वर्णने, जुनी गॅझेटियरे व जातिकोश, आणि जनगणनेची कोष्टके. तिन्ही मोलाची आहेत. परंतु तिन्हींचा पाया एकच आहे आणि तो म्हणजे धंद्याचे नाव. माणसाला धंद्याचे नाव द्यावयाचे, त्या नावाखाली त्याची गणना करावयाची आणि गणनेवरून समाजाचे चित्र उभे करावयाचे, अशी ही रीत आहे. प्रस्तुत लेखात ह्या रीतीचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. त्यासाठी एका बाजूस त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ (१९१५) हा ग्रंथ घेतला असून दुसऱ्या बाजूस भंडारा जिल्ह्यातील कामांची शब्दावली घेतली आहे. परीक्षण भाषाशास्त्राच्या अंगाने केलेले आहे. त्याचे निष्कर्ष अर्थशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी आपापल्या कसोटीवर घासून पाहावेत, अशी अपेक्षा आहे.

१

‘गांवगाडा’ हा मराठीतील ग्रामसमाजाच्या अभ्यासाचा आद्य ग्रंथ मानला जातो व ते यथार्थ आहे. काळी आणि पांढरी, वतनदार, कारू-नारू, फिरस्ते अशा वर्गांतून आत्र्यांनी खेड्याचा जो आराखडा मांडला तो इतका सुबक आहे की पुढील अनेक अभ्यासकांनी तो जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत ‘महाराष्ट्रातील खेडे’ म्हणून जे वर्णन येते ते पुष्कळदा ह्या आराखड्याचाच संक्षेप असतो.

ह्या आराखड्याचे घटक पाहिले तर ते सर्व पुल्लिंगी नामांचे आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव. स्त्रियांच्या कामाची आत्र्यांनी दखलच घेतली नाही असे नव्हे. परंतु तो उल्लेख ओघाने येतो. चौकट उभी राहते ती पुरुषाच्या धंद्यावर. ह्याचे कारण लेखकाच्या दृष्टीत जितके आहे तितकेच ते वर्ण्य व्यवस्थेतही आहे. बलुते मिळे ते घराला, आणि घर ओळखले जाई ते कर्त्या पुरुषाच्या नावाने. कुंभाराचे चाक पुरुष फिरवी. माती कालवणे, तुडवणे, भट्टीसाठी जळण आणि गोवऱ्या जमविणे, तयार मडकी बाजारात नेऊन विकणे ह्यांत बायकांचा हात मोठा असे. चाकाचे काम हाच धंदा, आणि बाकीचे सर्व त्या धंद्याचे घरकाम, अशी ही विभागणी होती. खळ्यावर धान्य मोजले जाताना ते ‘कुंभाराचे’ म्हणून मोजले जाई. नामाने येथे वर्णनापेक्षा अधिक काम केले आहे. हक्क कोणाचा हे त्याने ठरविले आहे.

दुसरी मर्यादा प्रदेशाची आहे. ‘गांवगाडा’ हे देशावरील, रयतवारी मुलुखातील गावाचे चित्र आहे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि नंतरचा मध्य प्रदेश ह्यांचा भाग होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. येथे जमीनमहसुलाची पद्धत मालगुजारीची होती. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांच्या पाण्यावर होणारे धान, वैनगंगेचे खोरे, उत्तरेस तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी आणि पूर्वेकडील तेंदूपानांचे जंगल, हा येथील उत्पादनाचा आधार होय. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या सात तालुक्यांतही हे स्वरूप कायम आहे. देशावरच्या बलुतेदारीचा साचा येथे लावू गेल्यास गावातील निम्म्याहून अधिक श्रम साच्याबाहेर राहतात.

मध्य प्रांतासाठी रसेल आणि हिरालाल यांचा जातिकोश (१९१६, चार खंड) उपलब्ध आहे. तो माहितीने समृद्ध असला तरी त्याची रचना अकारविल्हे जातिनामांची आहे. जात म्हणजे धंदा आणि धंदा म्हणजे पुरुषाचे काम, हे समीकरण तेथेही गृहीत आहे. म्हणजे प्रदेश बदलला, भाषा बदलली, तरी गणनेचे एकक बदलले नाही.

२

आता ह्या नामांचे स्त्रीलिंगी रूप पाहू. मराठीत ‘-ईण’ ह्या प्रत्ययाने धंदेवाचक पुल्लिंगी नामापासून स्त्रीलिंगी नाम सिद्ध होते. भंडाऱ्याच्या बोलीत, नागपुरी बोलीच्या एकंदर प्रवृत्तीनुसार, ‘ण’चा ‘न’ होऊन हा प्रत्यय ‘-ईन’ असा ऐकू येतो. व्याकरणदृष्ट्या प्रक्रिया एकच आहे, परंतु अर्थदृष्ट्या तिची फळे एकसारखी नाहीत. स्थूलमानाने पाच वर्ग करता येतात.

पहिल्या वर्गात सुतारीण, लोहारीण, पाटलीण, कोष्टीण हे शब्द येतात. ‘सुतारीण’ म्हणजे सुताराची बायको; रंधा मारणारी स्त्री असा अर्थ त्यातून निघत नाही. हा प्रत्यय येथे पत्नीवाचक आहे. दुसऱ्या वर्गात कोळीण, माळीण, बोहारीण हे शब्द येतात. येथे प्रत्यय कर्तृवाचक झाला आहे: मुंबईच्या बाजारात ‘कोळीण’ म्हटले की मासे विकणारी स्त्रीच डोळ्यांपुढे येते, तिचा नवरा कोण हा प्रश्न उद्भवत नाही. तिसऱ्या वर्गातील सुईण, मोलकरीण ह्यांना व्यवहारात पुरुषी जोडच उरलेला नाही. चौथ्या वर्गात सालगडी, चाकरमानी, हमाल, गवंडी हे शब्द येतात. ह्यांचे स्त्रीलिंगी रूप रूढ नाही.

पाचवा वर्ग लहान असला तरी सर्वांत बोलका आहे. ‘कुणबी’ म्हणजे जमीन कसणारा, प्रतिष्ठित शेतकरी. परंतु मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘कुणबीण’ म्हणजे विकत घेतलेली किंवा धरून आणलेली दासी. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. ‘नायक’ हा पुढारी. ‘नायकीण’ ही गाण्या-नाचण्यावर उपजीविका करणारी स्त्री. मुंबईच्या गिरण्यांत रीळ आणि वाइंडिंग खात्यांतील बायकांवर देखरेख करणाऱ्या स्त्रीला ‘नायकीण’ म्हणत. एका बाजूस अधिकाराचे पद आणि दुसऱ्या बाजूस शब्दाला चिकटलेली ही छाया, अशा स्थितीत तिला काम करावे लागे. प्रत्यय तोच, पण पुल्लिंगी शब्दातील मान स्त्रीलिंगी रूपात उतरला नाही.

ह्या वर्गीकरणावरून एक गोष्ट उघड होते. जेथे स्त्री स्वतः बाजारात उभी राहून विकते व पैसे स्वतःच्या हाती घेते, तेथे ‘-ईण’ कर्तृवाचक होतो. जेथे तिचे श्रम घराच्या उत्पादनात मिसळून जातात, तेथे तो पत्नीवाचकच राहतो. भंडाऱ्याजवळ ह्याचे स्पष्ट उदाहरण कोशाच्या कापडाचे आहे. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे माग हे पुरुषाचे स्थान. टसरच्या कोशापासून उघड्या मांडीवर घासून सूत काढण्याचे काम मात्र परंपरेने बायकांचे. हे काम अत्यंत कष्टाचे, कातडी सोलवटून टाकणारे. अलीकडे केंद्रीय रेशीम मंडळाने त्याऐवजी यंत्रे देण्याचा प्रयत्न केला आहे. विणणाऱ्याला ‘कोष्टी’ हे नाव आहे. सूत काढणारीला स्वतंत्र नाव नाही. ती कोष्टीण आहे, म्हणजे कोष्ट्याची बायको आहे. साडीच्या किमतीत तिच्या मांडीचा वाटा किती, हे कोणत्याही कोष्टकातून निघत नाही, कारण त्या वाट्याला शीर्षकच नाही.

३

नामांच्या बाजूने पाहिले तर चित्र असे अर्धवट आहे. क्रियापदांच्या बाजूने पाहिले तर ते पालटते. भंडाऱ्यातील धानाची शेती घ्यावी. पावसाच्या आरंभी ‘पऱ्हे’ टाकतात, म्हणजे रोपवाटिकेत बी पेरतात. नंतर बांधीत पाणी साठवून चिखलणी होते, पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधतात आणि मग ‘रोवणी’ होते. त्यापुढे निंदण, कापणी, भारे बांधणे व वाहणे, मळणी. देशावर व कोकणात ज्याला ‘लावणी’ म्हणतात त्यालाच येथे ‘रोवणी’ म्हणतात.

ह्या प्रत्येक क्रियापदाला बोलीत अलिखित लिंग आहे. नांगरणे आणि चिखलणे हे पुरुषाचे. नांगराला बाईने हात लावू नये हा निषेध भारताच्या बहुतेक भागांप्रमाणे येथेही आहे. रोवणे आणि निंदणे हे बाईचे. उपटणे आणि कापणे ह्यांत दोघेही असतात. वाहणे आणि मळणे हे पुन्हा पुरुषाचे. अशा रीतीने एका पिकाच्या चार-पाच महिन्यांत काम अनेक वेळा हात बदलते. ‘धानाचा शेतकरी’ ह्या एका नामात ही सर्व क्रियापदे गुंडाळली की कोणते काम कोणी केले हे दिसेनासे होते. आणि ‘शेतकरी’ कोण, ह्याचे उत्तर व्यवहारात सातबाराच्या उताऱ्यावरील नाव पाहून दिले जाते.

रोवणीची दुसरी विशेषता तिच्या संघटनेत आहे. पाण्याने बांधी भरली की रोवणी थोड्या दिवसांत आटोपावी लागते. एका घराच्या बायका त्यास पुरत नाहीत. म्हणून गावोगावच्या बाया गटाने, कित्येकदा दुसऱ्या तालुक्यात जाऊन, रोजाने किंवा एकरी ठरवून रोवणी करतात. येथे बाईचे श्रम घरात मिसळून गेलेले नाहीत. ते मोजले जातात, त्यांचा भाव बोलला जातो, हंगाम जोरात असला की तो चढतो, आणि पैसे बाईच्या हाती पडतात. कामाची वाटणी लिंगानुसार काटेकोर आहे, तरीही श्रम दृश्य आहेत. विभागणी असणे आणि श्रम अदृश्य होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भंडाऱ्याचे उदाहरण शिकविते.

येथे एक शंका रास्त आहे. क्रियापद काम राखून ठेवते खरे, परंतु कर्ता राखते काय? मराठीचा कर्मणि प्रयोग ह्या बाबतीत फसवा आहे. ‘बाईने धान रोवले’ आणि ‘पाटलाने धान रोवले’ ह्या दोन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच, कारण ते कर्मानुसार चालते; कर्त्याचे लिंग क्रियापदावर उमटत नाही. शिवाय ज्याने रोवणी करविली त्यालाच कर्ता म्हणण्याची मुभा भाषेने दिलेली आहे. पाटलाने धान रोवले म्हणजे पाटलाच्या बांधीत दहा-वीस बायांनी धान रोवले, हे ऐकणारा आपोआप समजतो; कागदावर मात्र पाटीलच उरतो. आणि ‘रोवणी झाली’ असे म्हटले की कर्ता उरतच नाही. म्हणून केवळ क्रियापदाकडे वळून भागत नाही. प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी?’ आणि ‘कोणासाठी?’ हे दोन प्रश्न जोडावे लागतात.

४

प्रादेशिक भेदांचे स्पष्टीकरण पुष्कळदा पिकांवरून दिले जाते. एस्टर बोसरप यांच्या १९७० च्या ग्रंथाने नांगराच्या शेतीत स्त्रीचा वाटा कमी व कुदळीच्या शेतीत अधिक असतो, हा विचार रूढ केला. ओलिताच्या भातशेतीत स्त्री-पुरुष दोघांचेही श्रम लागतात, हेही त्यांनी दाखविले. प्रणव बर्धन यांनी १९७४ साली भाताच्या व गव्हाच्या प्रदेशांतील फरक स्त्रीश्रमाच्या मागणीशी जोडला. अखिल भारताच्या पातळीवर ही मांडणी उपयुक्त आहे. महाराष्ट्राच्या आत ती पुरी पडत नाही. वऱ्हाडातील कापूस बायका वेचतात. मराठवाड्यातील कोरडवाहू ज्वारीचे निंदण-खुरपण बायकाच करतात. २०११ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांचा कार्यसहभाग सुमारे २५.५ टक्के, तर महाराष्ट्रातील सुमारे ३१ टक्के होता. ही अधिकता केवळ भाताच्या पट्ट्यामुळे आलेली नाही. म्हणजे येथे स्त्रिया काम करतात की नाही हा प्रश्न गौण आहे. त्यांचे काम कोणत्या एककात मोजले जाते, हा प्रमुख प्रश्न होय.

ह्या दृष्टीने तीन प्रदेशांची तुलना करावी. पहिला प्रदेश बीड आणि भोवतालचा, जेथून ऊसतोडीसाठी दरसाल स्थलांतर होते. तेथे मजुरीचे एकक ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर मिळते आणि सामान्यतः नवऱ्याच्या हाती पडते. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. आणि दोघांची मिळून एकच मजुरी एका हत्याराच्या नावाने मोजली जाते. येथे बाईला वेगळे नाव नाही, वेगळे क्रियापद असले तरी त्याला वेगळा भाव नाही.

दुसरा प्रदेश कोकण. पीक भाताचेच, लावणी बायकाच करतात. परंतु पुरुष मुंबईस गेलेला. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्याचा आकडा ९२९ होता. ह्या स्थितीतून ‘चाकरमानी’ हे नाव घडले. तो सणाला येतो, पैसे धाडतो. मागे राहून शेत, गुरे व म्हातारी माणसे सांभाळणारीला ह्या नावाच्या तोलाचे नाम भाषेने दिले नाही. तिचे श्रम बहुतांशी घरच्याच शेतात जिरतात; त्यांना भाव नाही.

तिसरा प्रदेश भंडाऱ्याचा. पीक कोकणासारखे, परंतु श्रम मजुरीचे व गटाचे. एकाच पिकाच्या दोन प्रदेशांत स्त्रीश्रमाची दृश्यता निरनिराळी, ह्याचे कारण पिकात शोधून सापडणार नाही. ते जमिनीच्या वाटणीत, स्थलांतराच्या दिशेत आणि मजुरीच्या करारात आहे. बीडचा करार जोडीशी, भंडाऱ्याचा करार बाईशी, कोकणात करारच नाही. प्रादेशिक भेदाची खरी रेषा येथून जाते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या संदर्भात ‘रेजा’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. मध्य प्रांतात खाणीवर वा बांधकामावर रोजाने काम करणाऱ्या बाईला ‘रेजा’ म्हणतात. पुण्याकडे अशा बाईसाठी स्वतंत्र नाम नाही. ‘बिगारी’ला ‘बाई’ जोडून काम भागवितात. ‘रेजा’ ही कोणाची पत्नी नव्हे, ती मजूर आहे. शब्दाचा संबंध फारसीतील ‘लहान तुकडा’ अशा अर्थाच्या शब्दाशी लावता येतो, म्हणजे मान येथेही नाही. पण मोजणी आहे. स्वतंत्र नाव मिळाले म्हणजे बरोबरीची मजुरी मिळाली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. रेजेचे काम म्हणजे घमेले वाहणे. थापी गवंड्याच्या हातची. थापीपर्यंत तिला जाऊ न देणे हीच त्या धंद्यातील विभागणी होय.

५

विभागणी ही परंपरेने एकदाच ठरलेली गोष्ट आहे, असा समज होऊ नये म्हणून दोन उद्योगांचा विचार करणे अवश्य आहे. पहिला विडीचा. तेंदूपानांमुळे भंडारा-गोंदियाचा प्रदेश विडीचे मोठे केंद्र बनला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विडीच्या कारखान्यांत पुरुष मोठ्या संख्येने विड्या वळीत. १९३०च्या दशकात शेजारच्या कामठीस बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, ती अशाच कामगारांच्या बळावर. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. कारखान्यावर कायद्याची बंधने आली तसतसे मालकांनी काम ठेकेदारांमार्फत घराघरांत वाटावयास सुरुवात केली. आणि काम घरात शिरले तसे ते बायकांचे झाले. ‘वळणे’ हे क्रियापद तेच राहिले, हातांची कला तीच राहिली. फक्त कारखान्यात जो ‘विडी कामगार’ होता तो घरात ‘फावल्या वेळात विड्या वळणारी’ झाला. हजारी दर, त्यातून ‘छाट’ म्हणून बाद केलेल्या विड्यांची वजावट, आणि हजेरीपटावर बहुधा नाव नाही, अशी तिची स्थिती झाली.

तुलनेसाठी केरळातील कण्णूर पाहावे. तेथे १९६९ साली दिनेश बीडी ही कामगारांची सहकारी संस्था स्थापन झाली. काम शाळेसारख्या शेडमध्ये एकत्र बसून होई, एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि आरंभीच्या काळात कामगार बहुतांशी पुरुष होते. इकडे सोलापुरात पुरुष यंत्रमागावर आणि त्यांच्या बायका विड्यांवर, अशी वाटणी रूढ झाली. एकच पान, एकच तंबाखू, एकच दोरा. तीन ठिकाणी कामाचे लिंग तीन प्रकारचे. बायकांची बोटे नाजूक असतात म्हणून विडी त्यांना साधते, असे जे सांगितले जाते त्याचा फोलपणा ह्या उदाहरणांवरून दिसतो. कामाचे स्थान आणि कराराचे स्वरूप बदलले की लिंग बदलते, आणि त्यानंतर बोटांची कथा रचली जाते.

दुसरा उद्योग खाणीचा. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे उघडी खाण आहे, चिखला येथे भूमिगत खाणही आहे. दगड फोडणे, मँगनीज निवडणे, टोपल्या वाहणे ही पृष्ठभागावरची कामे बायका पूर्वापार करीत. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांस भूगर्भात काम करण्यास आणि रात्रपाळीस मनाई केली. संरक्षणाचा हेतू खोटा नव्हता. परंतु चांगल्या मजुरीची, बढतीची व कायम नोकरीची कामे प्रामुख्याने भूगर्भात व यंत्रांवर असल्याने ह्या संरक्षणाचा परिणाम वगळण्यात झाला. पृष्ठभागावरील हातकाम यंत्रांकडे गेले तेव्हा बायकांना सरकावयास दुसरी जागा उरली नाही. २०१९ साली केंद्र सरकारने अटींसह ही मनाई शिथिल केली. मध्ये सुमारे सदुसष्ट वर्षे गेली होती. येथे विभागणी रूढीने केली नाही; ती कायद्याच्या कलमाने केली.

६

आता एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. श्रमविभागणी शब्दांमुळे होते, असे ह्या लेखाचे म्हणणे आहे काय? नाही. शब्द कारण नव्हे. ‘सालगडी’ला स्त्रीलिंग नाही म्हणून बाईला साल मिळत नाही, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. साल मिळत नाही म्हणून स्त्रीलिंग घडले नाही. ‘प्राध्यापिका’, ‘अध्यक्षा’, ‘शिक्षिका’ असे शब्द संस्कृतच्या आधाराने हवे तितके घडविता येतात. त्यांनी वेतन बदलत नाही. ‘मास्तरीण’ हा शब्द तर एकेकाळी मास्तरांच्या पत्नीचा होता. बायका शाळांत शिकवू लागल्या तेव्हा तो आपोआप शिकविणारीचा झाला. आधी व्यवहार पालटला, मागून अर्थ पालटला.

तथापि शब्द केवळ आरसा आहे असेही नाही. एकदा शब्द नियमात, पटात वा कोष्टकात शिरला की तो व्यवहाराला बांधून ठेवतो. ह्याचे आजचे उदाहरण ‘मानधन’ हे होय. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका आणि २००५ नंतरच्या ‘आशा’ ह्या भंडाऱ्याच्या प्रत्येक गावात आहेत. ही कामे केवळ स्त्रियांसाठी राखलेली आहेत. काम रोजचे, नोंदवह्या शासनाच्या, जाब द्यावयाचा तो अधिकाऱ्यांना. परंतु कर्तीस ‘सेविका’ म्हटले, आणि मोबदल्यास ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हटले. सेवेला मान देतात, मजुरी देत नाहीत. हा संस्कार शब्दाच्या पोटात आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ह्यांना उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. तो देताना, मिळणारी रक्कम कोणत्या नावाने दिली जाते ह्यापलीकडे जाऊन तिचे स्वरूप काय आहे हे न्यायालयाला तपासावे लागले. नावावरून हक्क ठरविण्याची जी रीत बलुत्याच्या खळ्यावर दिसली, तीच येथे शासकीय निर्णयांच्या भाषेत दिसते.

जनगणनेची गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे. १९६१ साली हंगामी कामाच्या बाबतीत, हंगामाच्या बहुतेक काळात दररोज निदान एक तास काम करणाऱ्यालाही कामगार धरले गेले. १९७१ साली मुख्य काम कोणते हा प्रश्न आधी विचारला गेला. ज्या स्त्रीने ‘घरकाम’ असे उत्तर दिले ती कामगारांतून गळाली. देशातील स्त्रियांचा नोंदला गेलेला कार्यसहभाग दहा वर्षांत सुमारे २८ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर आला. रोवणी थांबली नव्हती, विडी थांबली नव्हती; प्रश्नाचा शब्द बदलला होता. १९८१ पासून मुख्य व सीमान्त असे दोन वर्ग करण्यात आले आणि सहा महिन्यांहून कमी काम करणारी व्यक्ती सीमान्त ठरली. भंडाऱ्याच्या बाईचे वर्ष ह्या मापात बसविणे कठीण आहे. मे महिन्यात तेंदूपाने, आषाढ-श्रावणात रोवणी, पुढे निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मधल्या काळात विड्या किंवा मोहफुले. तिचे काम वर्षभर चालते, पण कोणतेही एक काम सहा महिने चालत नाही. प्रगणकाने ‘धंदा कोणता?’ असे विचारले तर तिच्याजवळ सांगण्यासारखे एक नाम नसते, आणि मग ती सर्वांत जवळचे उत्तर देते: काही नाही, घरीच असते.

७

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. ‘गांवगाडा’ने मराठी अभ्यासकाला गाव पाहावयास शिकविले, ते ऋण मोठे आहे. परंतु त्याने दिलेली दृष्टी नामांची आहे, आणि नामे देशावरील घरांची व त्या घरांच्या कर्त्या पुरुषांची आहेत. ती भंडाऱ्याला लावली तर येथील स्त्रिया एक तर कोणाच्या तरी ‘-ईण’ ठरतात, नाही तर दिसतच नाहीत. प्रादेशिक भेद मोजावयाचे असतील तर मोजणीचे एकक धंदा न धरता काम धरावे लागेल. आणि प्रत्येक कामाबाबत ते कोणी केले, कोणाशी ठरवून केले, कोणत्या मापात मोजले आणि पैसे कोणाच्या हाती पडले, हे चार प्रश्न विचारावे लागतील.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्यातून एक व्यवहार्य काम सुचविता येते. आपापल्या तालुक्यातील एका पिकाची आणि एका उद्योगाची सर्व क्रियापदे बोलीतील रूपांसह टिपावीत, प्रत्येकासमोर वरील चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत, आणि मग त्याच गावाच्या जनगणनेच्या कोष्टकाशी ती ताडून पाहावीत. यंत्रांच्या आगमनामुळे हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. चिखलणीचे काम ट्रॅक्टरने घेतले तेव्हा बैल गेले, पण ट्रॅक्टरवर पुरुषच बसला. कापणीचे यंत्र बांधीत उतरते तेव्हा बाईच्या हातचा विळा सुटतो आणि यंत्राचे चाक पुन्हा पुरुषाच्या हाती जाते. रोवणीचे यंत्र सर्वत्र पोहोचल्यावर ‘रोवणे’ ह्या क्रियापदाचे लिंग काय राहील, ह्याचा अंदाज बांधणे कठीण नाही. आज त्याची नोंद झाली नाही, तर हे काम आणि ही मजुरी कधीकाळी बायांची होती, ह्याचा पुरावा कोणत्याही सरकारी पटात सापडणार नाही.

पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरविण्यात आला आहे. त्या सुमारास भंडाऱ्यात धानाची कापणी होऊन गेलेली असेल आणि तेंदूचा हंगाम यावयाचा असेल. दारात आलेल्या प्रगणकाने कोणता प्रश्न विचारला, ह्यावर त्या घरातील बाई कामगार की बिनकामाची हे ठरणार आहे. ‘धंदा कोणता?’ ह्याऐवजी ‘गेल्या वर्षी काय काय केले?’ असे त्याने विचारले, तर उत्तर देण्यास तिला पुष्कळ क्रियापदे आहेत.